पदराआडचं वाकडं तोंड

ज्या दिवशी माझं तोंड वाकडं झालं, त्या दिवशी घरात माझं कौतुक झालं.

लग्न होऊन मी सोनाळ्याला आले त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. महाराष्ट्र नवा होता आणि सासरी मीही नवीच होते. घर जमीनजुमल्याचं, संत्र्याची बाग, कपाशी, ओसरीवर सदा कोणी ना कोणी बसलेलं, आणि रीत कडक. सासऱ्यांसमोर, थोरांसमोर सुनेनं पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढायचा आणि बोलायचं नाही. काही विचारलं तर मान हलवायची. हो असेल तर वरखाली. नाही म्हणायची वेळ सुनेवर येते असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. आणि मी तर झोपेतही बडबडणारी. अशा मुलीला पदराखाली गप्प बसवणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवण्यासारखं होतं.

मग मी एक युक्ती काढली. पदराखाली पुटपुटायचं. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. चुलीजवळ आत्याबाईंनी टोमणा मारला की मी पदराआडून अगदी हळू उत्तर देऊन टाकायची. मला वाटायचं, त्यांना ऐकू जात नाही. काय ती माझी अक्कल. बागेत संत्रं गळून पडलं तरी त्या बाईला घरात ऐकू यायचं.

त्यांचा आवडता विषय म्हणजे माझ्या आईचं लोणचं. माहेराहून दर वर्षी एक बरणी यायची. ती उघडली की आत्याबाई म्हणायच्या, "तुह्या मायचं लोणचं म्हणजे मिठाची खाण हाय." मी पदराखाली म्हणायची, "तुमच्या वरणात जे पडत नाही ते घ्या इथून." त्या काही न ऐकल्यासारखं करून भाकर उलटायच्या. मला वाटायचं, मी जिंकले.

त्या हिवाळ्यात फ्लूची साथ आली. गावात ज्याच्या त्याच्या घरात खोकला. आमच्या घरातही एकेक करत सगळे आडवे झाले, आणि सगळ्यांचं करून झाल्यावर माझा नंबर लागला. ताप, अंग ठणकणं, खोकून खोकून बरगड्या दुखणं. तापात जास्त पाणी देऊ नये अशी तेव्हा समजूत होती. ओठ ओले होतील एवढं कोमट पाणी मिळायचं. ताप उतरला आणि दुसऱ्याच सकाळी मी उठून चुलीशी बसले. कोणी सांगितलं नव्हतं. उलट आत्याबाई म्हणाल्या होत्या, पडून राह्य. पण मला शाबासकीची फार हौस. सून कशी काटक आहे ते लोकांनी पाहावं, एवढ्यासाठी मी पाय लटपटत असताना चूल पेटवली.

उजवा हात झोपल्यासारखा वाटत होता. अंगाखाली आला असेल, असं म्हणून मी तो झटकला. कुंकू डाव्या हातानं लावलं, ते भुवईवर गेलं. भाकर थापायला घेतली तर एका अंगानं जाड, दुसऱ्या अंगानं पापड, आणि उचलताना फाटली. मी ती गोळा करून पुन्हा थापली. कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण पदर होता. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांच्यासाठी ओसरीवर पाणी नेलं तेव्हा पेला दोन्ही हातांत धरला होता. त्यांनी विचारलं, "ताप उतरला काय?" मी मान हलवली. परत फिरले तर मागून त्यांचा आवाज आला. "सून शहाणी झाली बरं आता. घरात आवाज नाही."

आमची चुलतसासू तिथंच बसलेली होती. ती म्हणाली, "साथीनं गावाचे हाल केले, पण तुमच्या सुनेले वळण लावलं."

ते ऐकून मी खूश झाले. अर्धं तोंड खाली ओघळलेलं, हात लोंबतोय, भुवईवर कुंकू, आणि बाई खूश. आज आठवलं की त्या पोरीच्या डोक्यावर एक टपली मारावीशी वाटते.

आत्याबाई मात्र खूश नव्हत्या. त्या माझ्याकडे दोनदा पाहून गेल्या. मग चुलीजवळ येऊन बसल्या आणि काही कारण नसताना म्हणाल्या, "तुह्या मायचं लोणचं म्हणजे मिठाची खाण हाय."

मला उत्तर सुचलं होतं. चांगलं झोंबणारं होतं. पण ते जिभेपर्यंत आलंच नाही. घरातली वस्तू नेहमीच्या जागी हात घालून सापडू नये, तसं झालं. शब्द होता, आणि नव्हता.

आत्याबाई थांबल्या. मग त्यांनी त्याहून वरचढ टोमणा मारला, माझ्या वडिलांच्या फेट्यावरून. तो त्यांनी राखून ठेवलेला होता, सणासुदीला काढायच्या. मी गप्प. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला, माझा पदर वर केला आणि चुलीच्या उजेडात माझं तोंड पाहिलं.

"काही तरी बोल वं पोरी," त्या म्हणाल्या. मी तोंड उघडलं. जे निघालं ते बोलणं नव्हतं.

त्या तशाच ओसरीवर गेल्या. "हिले लकवा झाला. गाडी जुंपा."

चुलतसासू म्हणाली, "बाहेरचं असन. भगताले बलवा आधी."

"बाहेरचं असतं तर दोघींचं बोलली असती," आत्याबाई म्हणाल्या. "इथं एकीचंही निघून नाही राह्यलं."

उलट उत्तर आलं नाही, यावरून सुनेला झटका आल्याचं ओळखणारी सासू मी दुसरी कुठं पाहिली नाही. पदराआडचं माझं पुटपुटणं ती रोज ऐकत होती, हेही मला त्या दिवशी कळलं. तोंड धड असतं तर लाजून हसले असते.

बैलगाडीनं सडकेपर्यंत, तिथून मोटारीनं शेगावला. तिथल्या डॉक्टरांनी माझे डोळे पाहिले, तळपायावर काहीतरी ओढलं आणि म्हणाले, इथं माझ्यानं होणार नाही, नागपूरला न्या. आम्ही तिघं पॅसेंजर गाडीत बसलो. मी, आमचे हे, आणि गाठोड्यात पीठ-मिरच्या बांधून घेतलेल्या आत्याबाई, ज्या कधी शेगावच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

नवरा-बायकोनं दिवसाढवळ्या शेजारी बसायचं, हे आमच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. लग्नापासून मी मनात किती बोलणं साठवून ठेवलं होतं, आणि बसायला मिळालं तेव्हा माझ्याकडे एक शब्द नव्हता. आमचे हे मुळात अबोल. पण त्या दिवशी तेच बोलायला लागले. खिडकीबाहेर बोट दाखवून सांगायचे, "ही विहीर. हे बैल. ही तूर." मी तूर कधी पाहिली नसल्यासारखी पाहायची. आत्याबाई समोर डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या, हे मला त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरून कळत होतं. तो हलत होता. पण मुलाला बोलता यावं म्हणून त्यांनी नागपूर येईपर्यंत डोळे उघडले नाहीत.

मोठ्या दवाखान्यात मोठे डॉक्टर आले, मागे शिकणारी पोरं. त्यांनी मला जीभ काढायला सांगितली, हात उचलायला सांगितला. एक, दोन, तीन म्हणा, म्हणाले. ते मला आलं, आणि पुढं थांबताही येईना, मी मोजतच सुटले. घागर दाखवून हे काय, असं विचारलं. ते नाही आलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्या मालकांचं नाव काय?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"नवऱ्याचं नाव सांगा."

मी मान खाली घातली. डॉक्टर पोरांकडे वळून म्हणाले, "बघा, अगदी जवळच्या माणसाचं नावसुद्धा येत नाही." पोरांनी ते लिहून घेतलं.

आत्याबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डाक्टरसायब, ते तर तिले कधीच नाही आलं. ते इचारता काय? आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही."

"कधीच नाही?"

"लग्नात घेतलं, उखाण्यात. तेवढंच."

डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "मग उखाण्यात घ्या. हरकत नाही." कधी कधी बोलणं जातं पण पाठ केलेलं राहतं, असं ते पोरांना सांगत होते.

आणि खरंच, तो उखाणा माझ्या तोंडून आला. घागर म्हणता न येणारी मी, स्वच्छ म्हणाले, "दारच्या चिंचेला हिरवेगार आकडे," आणि तिथं अडले. पुढं नाव होतं. दाराशी आमचे हे उभे होते, कानापर्यंत लाल झालेले. सगळे वाट पाहत होते. नाव काही येईना.

"हे आजाराचं की लाजेचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन्हीचं असन," आत्याबाई म्हणाल्या आणि बाकीचा उखाणा त्यांनीच पुरा केला. त्यात शेवटी, या घरात नाही कोणाचं तोंड वाकडं, असं होतं. ते म्हणताना त्यांच्या लक्षात आलं आणि त्या मधेच थबकल्या. शिकणारी पोरं छताकडे पाहायला लागली. आधी मी हसले, अर्ध्या तोंडानं, मग सगळे. नाव तेव्हा कशामुळे अडलं, ते मला आजही सांगता येत नाही. इथंही ते मी लिहिणार नाही, सवय आहे.

मग मेंदूचा फोटो काढायचं ठरलं. आता यंत्राच्या बोगद्यात सरकवतात तसं तेव्हा नव्हतं. मानेच्या नसेत सुई घालून एक औषध सोडायचे, आणि ते डोक्यात चढत असताना भराभर एक्स-रे काढायचे. औषध जाईल तिथवर नस दिसते, थांबेल तिथं अडलं असं समजायचं. मला हे सगळं नीट समजावून सांगितलं. ऐकलेलं मला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

सुईची भीती मला वाटली नाही. मला दुसरीच भीती. डोक्यातला फोटो काढणार म्हणजे डोक्यात जे जे आहे ते ते उमटणार, असं मी धरून चालले होते. आत्याबाईंना मी पदराखाली काय काय म्हटलंय, त्यांची मी मनात ठेवलेली नावं, सगळं त्या काळ्या कागदावर येणार, आणि डॉक्टर ते सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. जीव राहतो की नाही याचा प्रश्न, आणि मी झोपल्या झोपल्या मनातले विचार घाईघाईनं आवरत होते, पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसे. सुई गेली, औषध सोडलं, तेव्हा अर्ध्या चेहऱ्यावर आणि डोळ्यामागं मिरची फासल्यासारखी आग उठली. मला वाटलं, सापडले.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. पानं गळून गेलेली कपाशीची पऱ्हाटी शेतात उभी असावी तसं दिसत होतं, बारीक बारीक काड्या. एका जागी एक फांदी सुरू होते आणि मधेच नाही. तिथं त्यांनी बोट ठेवलं. रक्ताची गुठळी अडकली, म्हणाले. फ्लूच्या तापात रक्त दाटतं आणि काही जणांना असं होतं. हिलाच का झालं, ते मात्र आम्हालाही नीट सांगता येत नाही. त्या प्रामाणिक उत्तरासाठी मी त्यांची आजवर ऋणी आहे. नशीब, करणी, माझं चुकलं, असलं काहीच त्यांनी मला चिकटू दिलं नाही.

आत्याबाईंनी फोटो हातात घेतला, फिरवून पाहिला, नाकाशी धरून पाहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "माह्यं नाव तं यात कोठी दिसून नाही राह्यलं."

म्हणजे त्यांनाही तीच शंका होती.

आम्ही निघताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हाताचा व्यायाम सांगितला, आणि म्हणाले, "वय लहान आहे. बोलणं परत येऊ शकतं, पण त्याला काम पाहिजे. हिला बोलतं ठेवा. घरात गप्प बसवू नका."

आमच्या घराला असं औषध आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं. आत्याबाईंनी ते गोळ्यांइतकंच खरं धरलं. घरी आल्याबरोबर त्यांनी ओसरीवर सगळ्यांसमोर माझा पदर डोक्यावरून मागं सारला. "तोंड दिसलं पाह्यजे, असं डाक्टरनं सांगतलं," त्या म्हणाल्या. डॉक्टरनं असं शब्दशः सांगितलं नव्हतं. मामाजी खांबाकडे पाहत म्हणाले, "डाक्टरनं सांगतलं तं सांगतलं." दुसऱ्या दिवसापासून ते मला रोज सकाळी विचारायला लागले, "आज वार कोणता?" माझ्या तोंडून कोणत्याही दिवशी बुधवारच निघायचा. ते गंभीरपणे म्हणायचे, "असन." एक अख्खा हंगाम आमच्या ओसरीवर रोज बुधवार होता.

फोटोची तर गावभर वरात निघाली. ज्या बायका मला पाहायला यायच्या त्यांना आत्याबाई दारात उभं करून दाखवायच्या, "हे माह्या सुनेचं डोकं." एकीनं विचारलं, "मंग केस काऊन नाही दिसत?" आत्याबाई म्हणाल्या, "आतून काढला हाय तो."

तो फोटो पुढं कुठं गेला कोण जाणे. पण ती तुटकी फांदी मला पुन्हा भेटली, अगदी अलीकडे. खोकला धरला म्हणून नातीनं अकोल्याला नेलं आणि उगाच धोका नको म्हणून डोक्याचाही फोटो काढवला. तरुण डॉक्टरीणबाई पडद्यावर एका काळ्या डागाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आजी, इथं फार जुनी इजा आहे, बोलण्याच्या जागेजवळ. तुम्हाला बोलायला त्रास होतो का?" नात म्हणाली, "तिला नाही होत. आम्हाला होतो."

पण ते आत्ताचं. तेव्हा महिने चालले होते आणि माझ्याकडे बुधवार, एक ते वीस आणि अर्धा उखाणा, एवढाच ऐवज. चुलतसासू रोज येऊन बसायची. एकदा मी आत भांडी पुसत असताना ती आत्याबाईंना म्हणाली, "मुकी सून ठेवून काय करता? पोराचं वय हाय. हिले माहेरी धाडा अन् दुसरी पाहा."

आत्याबाई म्हणाल्या, "पाहू."

त्या एवढ्याशा शब्दाचा अर्थ मी ‘धाडू’ असाच घेतला. कारण त्याच सुमारास आत्याबाई मला जास्तच टाकून बोलायला लागल्या होत्या. सकाळी चुलीजवळ, दुपारी निवडताना, एकामागून एक. माझ्या भाकरीवरून, भावाच्या शिक्षणावरून, आणि लोणचं तर रोज. टोमणा मारायच्या आणि माझ्याकडे पाहत बसायच्या. तव्यावरची भाकर करपायची तरी पाहत बसायच्या. मी मनात म्हणायची, हिचे डोळे गेले वाटतं; नाहीतर मला घालवायची तयारी चालली आहे. डॉक्टरचं औषध ती बाई मला रोज दोन वेळा पाजत होती आणि मी ते विष समजून गिळत होते. शहाणी झाली म्हणे सून.

मग एके दिवशी माझे वडील आले. चुलतसासूनं परस्पर निरोप धाडला होता, मुलगी घेऊन जा म्हणून. ते ओसरीवर मान खाली घालून बसले. शेजारी लोणच्याची नवी बरणी ठेवली होती. काय बोलावं हे न कळलेल्या माणसानं काहीतरी हातात घेऊन यावं तशी. चुलतसासू खांबाला टेकून बसली. मामाजी पान जमवत होते. माझं गाठोडं बांधलेलं नव्हतं, पण मी मनात काय काय न्यायचं ते मोजत होते.

आत्याबाईंनी वडिलांना जेवायला वाढलं. बरणी उघडली, फोडी वाढल्या, आणि त्यांच्या तोंडावर म्हणाल्या, "इवाईबुवा, तुमच्या घरचं लोणचं म्हणजे मिठाची खाण हाय."

वडिलांचा घास हातातच राहिला. मुलीचा बाप, तोही अशा मुलीचा, काय बोलणार? त्यांच्या फेट्याचा शेमला मानेवर थरथरताना मला दिसला, आणि आतून काहीतरी उसळून वर आलं, थेट जिभेपर्यंत.

"मंग," मी म्हणाले. सगळ्यांनी वर पाहिलं. "मंग खाता... काऊन?"

तव्यावर भाकर करपल्याचा वास यायला लागला. मामाजींनी पान तोंडात टाकण्याऐवजी पुन्हा डब्यात ठेवलं.

"म्हण पुन्हा," आत्याबाई म्हणाल्या.

"मंग खाता काऊन?"

त्या चुलतसासूकडे वळल्या. "पाहू म्हणलं होतं ना मी. पाह्यलं. आता सांगा, अशी सून माहेरी धाडता येते काय? उलटून बोलते." चुलतसासू पदर सावरत उठली, घरी ताक घुसळायचं राहिलं, म्हणाली. वडील डोळे पुसत होते आणि ठसका लागल्याचं सांगत होते. दारात आमचे हे उभे होते, बागेतून कधी आले कोण जाणे. ते कोणाकडेच न पाहता म्हणाले, "ही विहीर," आणि हसत आत गेले.

बाकीचे शब्द मग हळूहळू आले, घागर, चिमटा, तूर, शुक्रवार. हातही बराचसा आला. हे त्याच हातानं लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं आहे ते आधीपासूनच. पदर पुन्हा कोणी पुढं ओढायला सांगितला नाही, आणि माझ्यामागून त्या घरात आलेल्या सुना ओसरीवर मोकळ्या तोंडानं बोलल्या. त्याचं श्रेय लोक मला देतात. मी घेऊन टाकते, पण ते एका गुठळीचं, एका डॉक्टरचं आणि एका कजाग बाईचं आहे.

त्या दिवशीची करपलेली भाकर आत्याबाईंनी स्वतःच्या ताटात घेतली आणि वर आईच्या लोणच्याच्या दोन फोडी घेतल्या. मिटक्या मारत खाल्ल्या, माझ्याकडे पाहत. आता त्याही नाहीत आणि आईही नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. मीठ खरंच जास्त असायचं.